मदत हवी आहे: शटडाउनच्या वेळी रेड ५ ॲरे सुटत नाही, आणि पुढच्या बूटला पुन्हा अख्खा रीसिंक

धागाकर्ता:

नमस्कार. लिनक्सवर सॉफ्टवेअर रेड वापरणाऱ्यांनी कृपया हे बघावं.

मशीनमध्ये ४ टीबीच्या चार डिस्क आहेत आणि त्यांचा एमडीएडीएमने (लिनक्सचं सॉफ्टवेअर रेडचं साधन) केलेला रेड ५ ॲरे आहे, म्हणजे चारही डिस्क मिळून एकच साठा, आणि पॅरिटी या जादा माहितीमुळे एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो. त्यावर ईएक्सटी४ फाइल सिस्टम असून तो /डेटा वर माउंट होतो (जोडला जातो). ऑपरेटिंग सिस्टम वेगळ्या एसएसडीवर आहे, म्हणजे रूटचा ॲरेशी संबंध नाही. /डेटा वर नेटवर्क शेअर आणि एका व्हर्च्युअल मशीनची डिस्क इमेज आहे. हे व्हर्च्युअल मशीन सिस्टमडीच्या (सर्व्हिस सुरू-बंद करणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) एका सर्व्हिसमधून थेट क्यूएमू या एम्युलेटरने चालतं.

शटडाउन दिला की बरंचसं भराभर बंद होतं. मग ‘फेल्ड अनमाउंटिंग /डेटा’ अशी ओळ येते आणि त्यानंतर ‘अ स्टॉप जॉब इज रनिंग’ हा संदेश हलतच नाही. कितीही वाट पाहिली तरी तेच. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरण्यावाचून इलाज उरत नाही. पुढच्या बूटला कर्नल सांगतं, ‘नॉट क्लीन, स्टार्टिंग बॅकग्राउंड रिकन्स्ट्रक्शन’, आणि एमडीस्टॅटमध्ये (ॲरेची स्थिती दाखवणारी फाइल) रीसिंक, म्हणजे सगळी पॅरिटी पुन्हा जुळवणं, शून्यापासून सुरू. सेकंदाला १५० एमबी वेग धरला तरी ४ टीबीला सात तासांच्या वर लागतात, आणि तेवढा वेळ सगळंच रखडतं.

डिस्क तपासल्या आहेत. स्मार्टमध्ये (डिस्कची स्वतःची आरोग्य-नोंद) रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर शून्य, सीआरसी एररचा आकडाही वाढत नाही. ॲरे जुना आहे, लहान डिस्क एकेक करून बदलत तो इथवर आला, म्हणून त्यावर बिटमॅप (कुठल्या भागांत लेखन चालू होतं याच्या खुणा) नाही. एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी असलेली फाइल) /डेटा च्या ओळीत नोफेल आहे, म्हणजे माउंट झालं नाही तरी बूट अडत नाही.

बॅकअप आहे, पण मला खरी काळजी वेगळीच आहे. ॲरे अस्वच्छ असताना नेमकी एखादी डिस्क गेली, तर डर्टी (अस्वच्छ) आणि डिग्रेडेड (एक डिस्क कमी असलेला) रेड ५ कर्नल आपणहून सुरू करत नाही. जबरदस्तीने सुरू केला तरी पॅरिटीवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून रीसिंक लवकर कसा संपवावा हे मला नको आहे. ॲरे बंद होताना त्याला कोण धरून ठेवतंय, ते शोधायचं आहे. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १:

डिस्कवरचा संशय सध्या बाजूला ठेवा. एमडी, म्हणजे कर्नलमधला सॉफ्टवेअर रेडचा ड्रायव्हर, लिहिण्याआधी सुपरब्लॉकमध्ये (डिस्कवरची ॲरेची माहिती) ॲरे ‘डर्टी’ असल्याची नोंद करतो, आणि लेखन थांबून थोडा वेळ गेला की आपणहून ‘क्लीन’ करतो. हा वेळ सेफ मोड डिले म्हणून ओळखला जातो आणि तो मुळात २०० मिलिसेकंद असतो. म्हणजे /डेटा माउंट असला, पण त्यावर कोणी लिहीत नसलं, तर बटण दाबूनही ॲरे बहुधा स्वच्छच सापडला असता. नेहमीच्या शटडाउनमध्ये तर वीज जाण्याआधी कर्नल सगळ्या ॲरेंना क्लीन करून घेतं, पण बटण दाबल्यावर त्याला ती संधीच मिळत नाही. तुमच्याकडे दर वेळी रीसिंक होतोय, याचा अर्थ अगदी शेवटपर्यंत कोणीतरी लिहितंय.

आता एकच गोष्ट नीट बघून सांगा. स्टॉप जॉबच्या ओळीत कंसात दोन वेळा दिसतात, पहिली सरून गेलेली आणि दुसरी मर्यादा. दुसरी १ मिनिट ३० सेकंद आहे की तिथे ‘नो लिमिट’ लिहिलंय? ९० सेकंद ही सिस्टमडीची नेहमीची मर्यादा, ती संपली की प्रोसेस मारली जाते. तुमच्याकडे अंत होत नाही, म्हणून मला दुसरीच शंका जास्त येते.

नाव कळत नसेल तर शटडाउन देण्याआधी डीबग-शेल सर्व्हिस सुरू करा. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ९ दाबलं की रूटचा शेल मिळतो आणि तो शटडाउन बराच पुढे गेला तरी जिवंत राहतो. तिथे सिस्टमसीटीएलची लिस्ट-जॉब्स आज्ञा द्या. काम झालं की ती सर्व्हिस आठवणीने बंद करा, तिथे पासवर्ड विचारला जात नाही.

आणि तोवर बटण दाबू नका. सिसआरक्यू (कर्नलला थेट आज्ञा देणारी कळ) चालू असेल तर ऑल्ट आणि सिसआरक्यू धरून आधी एस (उरलेलं लेखन डिस्कवर), मग यू, काही सेकंद थांबून ओ (मशीन बंद). यू ने फाइल सिस्टम फक्त-वाचन होतात, लेखन थांबतं आणि ॲरेला क्लीन व्हायला अवधी मिळतो.

प्रतिसाद २:

नोफेल काढून बघा. त्याने बूट अडत नाही एवढंच आपण लक्षात ठेवतो, पण नोफेल लावल्यावर ते माउंट लोकल-एफएस टार्गेटच्या (बूटमधला स्थानिक माउंट पूर्ण झाल्याचा टप्पा) आधी व्हायलाच हवं हा क्रमही जातो. शटडाउनचा क्रम बूटच्या बरोबर उलटा असतो. त्यामुळे एरवी सर्व्हिस आधी थांबते आणि मग माउंट सुटतं. तुमच्याकडे दोन्ही एकाच वेळी सुरू होत असणार, आणि फाइल उघडी असताना अनमाउंट होणार कसं?

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. ‘नो लिमिट’ हेच होतं! डीबग-शेलमध्ये एकच जॉब उरलेला दिसला, तो व्हर्च्युअल मशीनच्या सर्व्हिसचा. युनिट फाइलमध्ये थांबण्याचा टाइमआउट इन्फिनिटी आहे. थांबवण्याची स्क्रिप्ट आतल्या सिस्टमला पॉवरडाउनचा इशारा देते आणि ती बंद होईपर्यंत वाट बघत बसते. आतली सिस्टम बंदच होत नाही, तिच्या लॉगचं लेखन मात्र चालू राहतं. एस-यू-ओ करून मशीन बंद केलं, तर पुढच्या बूटला रीसिंक झाला नाही.

पण नोफेल काढायला मन तयार नाही. ॲरेला काही झालं तर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकेल आणि दुरून लॉगिनही करता येणार नाही. दुसरा मार्ग आहे का?

प्रतिसाद १:

आहे, आणि माझ्या मते तोच योग्य आहे. नोफेल राहू द्या. सिस्टमसीटीएल एडिट वापरून त्या सर्व्हिसच्या युनिट विभागात ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ ही ओळ जोडा आणि पुढे /डेटा लिहा. मूळ शब्द जोडून लिहायचा आहे, मध्ये जागा नको. त्याने सर्व्हिस माउंटवर अवलंबून राहते आणि माउंटनंतरच सुरू होते, म्हणून बंद होताना ती आधी पूर्ण थांबेल आणि मगच अनमाउंटची पाळी येईल. नेटवर्क शेअरच्या सर्व्हिसलाही हेच करा, आज ती त्रास देत नसली तरी.

टाइमआउट इन्फिनिटीऐवजी तीन मिनिटं ठेवा. मुदत संपली की क्यूएमूला सिगटर्म (‘बंद हो’ असा सिग्नल) जाईल. आतल्या सिस्टमच्या दृष्टीने ती वीज गेल्यासारखीच गोष्ट आहे, म्हणून ती इशाऱ्यावर बंद का होत नाही हे वेगळं शोधायला हवंच. बहुतेक वेळा आत एसीपीआयचा (पॉवर बटण दाबल्यासारखा) इशारा ऐकणारं काही चालूच नसतं, किंवा ‘नक्की बंद करू का?’ अशी खिडकी उत्तराची वाट बघत असते.

बिटमॅप मात्र लावाच. एमडीएडीएमच्या ग्रो आज्ञेला बिटमॅप इंटर्नल हा पर्याय द्या. रीसिंक चालू असताना तो लागत नाही, तेव्हा संपू द्या. लेखनाचा वेग थोडा घटतो, पण यापुढे कधी वीज गेली तर फक्त खूण असलेले भाग तपासले जातील.

धागाकर्ता:

केलं. आता शटडाउनला आधी व्हर्च्युअल मशीन थांबतं, मग /डेटा सुटतो, शेवटी एमडी थांबल्याची ओळ दिसते. बूटनंतर एमडीस्टॅटमध्ये रीसिंक नाही आणि बिटमॅपची ओळ आहे. आतल्या सिस्टममध्ये एसीपीआय ऐकणारी सर्व्हिस खरोखरच नव्हती. ती टाकल्यापासून मर्यादेपर्यंत थांबावंही लागत नाही.

प्रतिसाद ३:

एक राहिलं. इतक्यांदा अर्ध्यावर वीज तोडली गेली आहे, तर एकदा ॲरेच्या सिंक ॲक्शन फाइलमध्ये चेक लिहून पूर्ण तपासणी करून घ्या. आधी चेकच, रिपेअर नको. संपल्यावर मिसमॅच काउंट (न जुळलेल्या जागांचा आकडा) बघा, रेड ५ वर तो शून्य यायला हवा. शून्याखेरीज काही आलं तर काहीही दुरुस्त करण्याआधी आकडा आणि कर्नलचा लॉग इथे टाका. आणि /डेटा अनमाउंट करून ईटूएफएसचेक (फाइल सिस्टम तपासणारं साधन) सक्तीने एकदा चालवा, कारण रीसिंकने पॅरिटी जुळते, फाइल सिस्टम नाही.