मटण बंद झाले, पण ताटात काय आले?

पंचगंगाकाठ

माझ्या वडिलांचे वय ६३. गेल्या मार्गशीर्षात त्यांना हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी होऊन रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी म्हणजे स्टेंट बसला आणि रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टरांनी औषधांच्या यादीखाली एक ओळ लिहिली : ‘मांसाहार बंद, तेलकट कमी.’ आम्ही कोल्हापूरचे. आमच्या घरी बुधवार आणि रविवार हे वार तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वासावरून ओळखले जात. आईने त्या ओळीचा पहिला अर्धा भाग शिरोधार्य मानला आणि दुसऱ्या अर्ध्याकडे पाहिलेही नाही.

आता बुधवारी साबुदाण्याची खिचडी होते, रविवारी बटाट्याची भाजी आणि पुऱ्या होतात, आणि ‘एवढं आवडीचं सुटलं बिचाऱ्यांचं’ म्हणून दोन्ही वेळच्या वरणभातावर मोठा चमचाभर तूप पडते. कोणी हटकले तर उत्तर तयार असते : ‘सगळं सात्त्विकच आहे की!’ तीन महिन्यांनी रक्त तपासले. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १४२ वरून ७८ वर उतरले, पण ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी १६८ वरून २३६ वर गेली आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ वरून ६.५ झाला. नातेवाइकांनी पहिला आकडा तेवढा वाचला आणि त्याचे सारे श्रेय मटण सोडण्याला देऊन टाकले.

माझे मत असे की डॉक्टरांचा सल्ला चुकीचा नसला तरी अर्धवट होता. काय सोडायचे हे सांगितले आणि त्या जागी काय खायचे हे सांगितले नाही, तर रिकामी झालेली जागा घर आपल्या समजुतीप्रमाणे भरते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी अवश्य लिहावे.

माळकरी

मला पटत नाही. माझी बायपास २०११ साली झाली. त्याआधीची चार वर्षे मी ‘कमी खा’ हा सल्ला पाळत होतो, म्हणजे पाळतो आहे अशी माझी समजूत होती. महिन्यातून एकदा, असे ठरले होते. मग एका महिन्यात गावची जत्रा आली, पुढच्या महिन्यात भाच्याच्या मुलाचे जावळ, त्यानंतर म्हाई, आणि आषाढ संपता संपता जे काय असते ते सर्वांना ठाऊक आहे. प्रत्येक वेळी ‘एक तुकडा घ्या हो, एवढ्याने काय होतंय’ असा आग्रह करणारे कोणीतरी होतेच, आणि आग्रह मोडणे मला कधी जमले नाही. बायपासनंतर मी माळ घातली. त्या दिवसापासून मला नकार द्यावाच लागला नाही, कारण माळ दिसली की आग्रह करणाऱ्याचेच तोंड बंद होते. मापात खायचे म्हटले की रोज स्वतःशी भांडण. बंद म्हटले की एकदाच काय ते.

शिवाय याला वैद्यकीय आधार नाही असेही नाही. अमेरिकेतील डॉ. डीन ऑर्निश यांनी १९९० साली ४८ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात जवळजवळ चरबीविरहित शाकाहार, चालणे, योगासने आणि धूम्रपान बंद एवढ्यावर, कोलेस्टेरॉलची औषधे न देता, वर्षभरात रक्तवाहिन्यांमधील अडथळे किंचित कमी झालेले आढळले. तुमच्या घरी चूक तुपाची झाली आहे. शिक्षा मटणबंदीला का?

तारली

‘मांसाहार’ हा शब्दच मुळात घोटाळ्याचा आहे. आमच्याकडे वेंगुर्ल्याला मटण ते मटण, कोंबडी ती कोंबडी आणि मासळी ती मासळी. तिन्हींना एका पोत्यात कोणी घालत नाही. माझ्या सासऱ्यांच्या कागदावरही अशीच ओळ होती. त्यांनी आयुष्यात मटण वर्षातून चारदा खाल्ले असेल, त्यामुळे त्या ओळीने त्यांचे सुटले काय, तर तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले. म्हणजे जे हृदयाला चांगले म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोनदा खायला सांगते, नेमके तेच बंद झाले आणि चारच्या चहाबरोबर फरसाण सुरू झाले. बांगडा आणि तारली यांच्यात ओमेगा-३ हा हृदयाला चांगला मेद भरपूर असतो आणि दोन्ही मासे गरिबाला परवडणारे आहेत.

इंग्लंडमधील एपिक-ऑक्सफर्ड या पाहणीचे निष्कर्ष २०१९ साली आले. ४८ हजारांहून अधिक माणसांचा सुमारे १८ वर्षे मागोवा घेतल्यावर मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत मासे खाणाऱ्यांमध्ये हृदयरोग १३ टक्के कमी दिसला. शाकाहारी लोकांमध्ये तो २२ टक्के कमी होता हेही मान्य करते, पण त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण २० टक्के अधिक होते. मात्र सुका खारा बांगडा आणि सुकट यांची वकिली मी करणार नाही. रक्तदाब असलेल्याला ते मीठ परवडत नाही.

मापटे

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, तेव्हा आधी त्या ७८ विषयी लिहिते, कारण साऱ्या गैरसमजाचे मूळ तिथे आहे. १४२ वरून ७८ ही ४५ टक्के घट आहे. आहारातील संपृक्त, म्हणजे तुपासारखी गोठणारी, चरबी कमी केल्याने एलडीएल साधारण १० टक्क्यांच्या आसपास उतरते, तर झटक्यानंतर दिल्या जाणाऱ्या स्टॅटिन या कोलेस्टेरॉलवरच्या गोळीच्या जास्त मात्रेने, उदाहरणार्थ रोझुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमने, ते जवळजवळ निम्मे होते. वडिलांना अशी गोळी चालू असणार, आणि ही बहुतेक करामत तिचीच आहे. हे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण ‘मटण सोडून बरे झालो’ असे वाटलेला माणूस पुढे गोळीच सोडतो, आणि स्टेंट बसवलेल्या माणसाने परस्पर गोळ्या सोडणे हे कुठल्याही रश्श्यापेक्षा भयंकर.

आता तूप. मोठा चमचा म्हणजे सुमारे १४ ग्रॅम तूप धरले, तर त्यात ८ ते ९ ग्रॅम संपृक्त चरबी असते. एलडीएल कमी करायचे असेल तर दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याने ती १३ ग्रॅमच्या आसपास ठेवावी असे सांगितले जाते; येथे दोन चमच्यांतच मर्यादा ओलांडली जाते आहे. याउलट चरबी काढलेल्या बोकडाच्या १०० ग्रॅम शिजवलेल्या मांसात ती जेमतेम १ ग्रॅम असते. अर्थात, कोल्हापुरात दुकानदाराला ‘चरबी काढून द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक मी अजून पाहिलेले नाही, आणि वर तेलाचा तवंग व खोबरे वेगळेच, त्यामुळे या हिशेबावरून कोणी लगेच पातेले चढवू नये. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. ट्रायग्लिसराइड आणि साखर का वाढली, याचे उत्तर खिचडी आणि पुऱ्यांमध्ये शोधावे. मटणाच्या जागी मटकी, हुलगा, मूग, सोयाबीन आले असते तर हा धागा निघाला नसता.

आणखी एक. मांस, मासे, अंडी सारे सुटले की बी१२ या जीवनसत्त्वाकडे पाहावेच लागते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ पुरुषांची तपासणी केली, तेव्हा ६७ टक्क्यांमध्ये बी१२ कमी आढळले, आणि शाकाहाऱ्यांमध्ये ही शक्यता कितीतरी जास्त होती. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांमध्ये ते आणखी घटते. मात्र बी१२ घेतल्याने झटका टळतो असे मी म्हणत नाही. तशा मोठ्या चाचण्यांनी निराशाच केली आहे. मुंग्या येणे, तोल जाणे, रक्त कमी होणे यांसाठी ते हवे.

माळकरी

मापटेताईंचे आकडे मला मान्य आहेत, निष्कर्ष नाही. ऑर्निशच्या आहारात तुपाला आणि शेंगदाण्यालाही जागा नव्हती, हे मी आधीच लिहायला हवे होते. तेवढी चूक माझी. तारलीताईंनी टक्के दिले, पण त्याच पाहणीचा साधा हिशेब असा की शाकाहारी लोकांत दर १००० माणसांमागे १० वर्षांत हृदयरोगाची १० प्रकरणे कमी आणि पक्षाघाताची ३ जास्त. ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे, त्याने कोणत्या बाजूला झुकावे?

आणि चरबी काढलेले १०० ग्रॅम मांस कोण मोजणार? घरात तराजू दिवाळीच्या चिवड्याला बाहेर निघतो. स्वयंपाक आई करते, वाढतेही तीच, आणि नवऱ्याच्या ताटात दोनच तुकडे घालून बाकीच्यांना वाटीभर वाढणे हे तिच्या हातून व्हायचे नाही.

रात्रपाळी

मी स्वतः अशा ओळी लिहिणारा डॉक्टर आहे. सुटी देण्याच्या वेळी एका रुग्णाला पाच मिनिटे मिळतात, त्यातली चार गोळ्या समजावण्यात जातात, कारण त्या चुकल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. उरलेल्या मिनिटात तूप, साबुदाणा, बांगडा हा भेद सांगता येत नाही, म्हणून एक शब्द लिहिला जातो. हे समर्थन नव्हे. पण पुढच्या तपासणीला कोणी ताटाविषयी विचारले तर मी सांगतो. विचारत मात्र कोणी नाही.

पंचगंगाकाठ

रात्रपाळी यांचा प्रतिसाद वाचून मी आठवडाभर वडिलांचे ताट वहीत लिहून काढले आणि ती वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. पहिली ओळ खोडली नाही, पण तिच्याखाली ‘तूप, पुरी, साबुदाणा नको, उसळ रोज, बी१२ तपासणे’ असे लिहिले. मासळीचे विचारले तर ‘आठवड्यातून दोनदा, कालवणात, तळून नको’ असे म्हणाले. तेव्हा तारलीताई, आपला मुद्दा बिनविरोध मंजूर.

माळकरीकाकांचा मुद्दा माझ्या मनातून गेला नव्हता, म्हणून येताना गाडीत मी वडिलांनाच विचारले की मटणाचे दोन तुकडे, चरबी काढून, महिन्यातून एकदा अशी परवानगी मागू या का. ते बराच वेळ बाहेर बघत बसले. मग म्हणाले, “दोन तुकडे मला जमायचे नाहीत. बंदच राहू दे. तुपाचं मात्र तुझ्या आईला तूच सांग.”