शिकूनसवरून घरी परतलेली मुलं : तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठ
काल माळा आवरताना २०२० चं कालनिर्णय हाती लागलं. दुधाच्या हिशोबात ५ एप्रिलला पेन्सिलीनं गोल, मुलाची एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा. खोडलेला. मग ११ ऑक्टोबर, तोही खोडलेला. पुढे १४ मार्च २०२१ ठरली, तीही तीन दिवस आधी पुढे ढकलली. त्या दिवशी पुण्यात रस्त्यावर बसलेल्या पोरांत आमचा मुलगा होता. शेवटी २१ मार्चला पेपर झाला. थोड्या मार्कांनी हुकली.

सहा वर्षं सदाशिव पेठेत काढून तो दिवाळीत वाईला परत आला. वय ३०. अभ्यास सोडला म्हणतो, पण पुस्तकांची खोकी उघडत नाही आणि रद्दीतही देऊ देत नाही. लग्नकार्याला येत नाही, "सध्या काय चाललंय?" हा प्रश्न ठरलेला. पेट्रोलला पैसे हवे असले की स्वयंपाकघराच्या दारात नुसता उभा राहतो. मला बघवेना, म्हणून तांदळाच्या डब्यामागे पाचशेची नोट ठेवायला लागले. यांना पटत नाही. अशानं तो कायमचा बसेल म्हणतात. तुम्ही काय केलंत?

ओसरी
आमची मुलगीही एमपीएससीच करत होती. खुल्या गटाला वयाच्या ३८ पर्यंत मुदत, त्यामुळे "अजून सात वर्षं आहेत की" असं प्रत्येक जण म्हणायचा. त्या सात वर्षांनीच तिला धरून ठेवलं. ३१ व्या वर्षी स्वतःच थांबली. मग मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून पंचायत समितीत लागली, पदवीधरांना महिना १० हजार. पहिल्या पैशातून कुकरची रिंग आणली, जुनी कधीपासून गळत होती. सांगितलं नव्हतं कुणी. ते प्रशिक्षण संपलं, आता पुन्हा शोधाशोध. पण सकाळी उठून आवरायची सवय लागली ती राहिली.

घाटमाथा
डबा पाठवायचात का एसटीनं? आम्ही कराडहून कंडक्टरच्या हाती द्यायचो, स्वारगेटला पोरगा उभा. खर्डा, चपात्या, दशम्या. डबे कधी परत आले नाहीत 😀

जुनी वही
ताई, माझा स्पर्धा परीक्षावाला नाही. इंजिनियर, नोकरी सुटली आणि दोन वर्षं खोलीचं दार बंद. ओरडलो, समजावलं, नातेवाईक बसवले. ते सगळ्यात वाईट केलं. शेवटी १४४१६ वर, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन मी केला, त्यानं नाही. फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री दोनलाही उचलतात. बाई म्हणाल्या, आधी तुमची झोप कशी आहे ते सांगा. मला रडूच आलं. मुलगा डॉक्टरांकडे चार महिन्यांनी गेला. आता गोळ्या चालू आहेत, बरं आहे.
नोटेचं म्हणाल तर लपवून ठेवू नका. तो घेताना चोरासारखा घेत असेल. आम्ही एक तारखेला ठरलेली रक्कम खात्यात टाकतो आणि घरातलं एक काम पूर्ण त्याचं. माझ्या बीपीच्या गोळ्या आणणं. संपल्या तर संपल्या, मी आणत नाही. एकदा संपल्या. मी दोन दिवस गप्प बसलो, तिसऱ्या दिवशी आणल्या त्यानं. (बीपीच्या बाबतीत असं करू नये, डॉक्टर रागावले. वीजबिल वगैरे द्या.)

रिकामी खुर्ची
मी स्वतः तो मुलगा आहे. ३२. काकू, दारात उभा राहतो कारण तोंडातून शब्द निघत नाही. आई मला "जरा माझ्याबरोबर बाजारात चल, पिशव्या जड होतात" म्हणायची. ते जमायचं. येताना दहापैकी एखाद्या वेळी बोलायचो. पुस्तकं मीही दीड वर्ष ठेवली होती. नंतर गावातल्या वाचनालयाला दिली. राहू द्या सध्या.

ओसरी
@घाटमाथा दशम्या दुधातल्या की गुळाच्या? माझ्या दुसऱ्या दिवशी वातड होतात.

घाटमाथा
दुधातल्या. पीठ दुधातच मळायचं, पाणी अजिबात नको.

कृष्णाकाठ
@जुनी वही चोरासारखा, हे वाचून पोटात कालवलं. नोट काढून घेतली आत्ता. यांच्याशी बोलून एक तारखेपासून खात्यात टाकते, वीजबिल त्याच्याकडे देते.
@रिकामी खुर्ची बाळा, जेवलास का? उद्या सोमवार, बाजार आहे. विचारते त्याला.
@घाटमाथा हो, वाई-स्वारगेट. आमचेही दोन डबे मेसवाल्या मावशींकडे राहिलेत, नाव घातलेले.
उठला वाटतं तो. चहा टाकते, संध्याकाळी लिहिते.