आईच्या गुडघ्यांसाठी लाल दिवा घ्यावा का?

प्रश्न
आईचे दोन्ही गुडघे झिजलेत. सकाळी पलंगावरून उतरली की पहिली दहा-बारा पावलं भिंतीला हात लावूनच टाकते. भाऊ म्हणतो लाल प्रकाशाचा दिवा आणू. पण शेकायचा दिवा घरात आहेच, तोही लालच दिसतो. मग वेगळा कशाला?

प्रतिसाद
ताई, रंगावर जाऊ नका. शेकायचा दिवा ऊब देतो, त्याने आखडलेले स्नायू सैल पडतात. दुसरा जवळपास तापतच नाही. त्याचा साधारण ६३० ते ६६० आणि ८१० ते ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पेशीतल्या मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात, शोषला जातो आणि त्यातून सूज उतरते, असं मानतात.

मला हातांचा आमवात आहे. पूर्वी सकाळी मूठ वळायला तास लागायचा, टूथब्रश दोन्ही तळव्यांत धरायची. चार आठवडे रोज दिवा घेतला आणि मूठ किती वाजता वळली ते वहीत लिहीत गेले. तास होता, तो पाऊण तासावर आला. वाकडी बोटं मात्र वाकडीच आहेत. गोळ्या एक दिवसही सोडल्या नाहीत, त्यामुळे सगळं श्रेय दिव्याला देणार नाही. २००५ च्या कॉक्रेन आढाव्यात (म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात) आमवाताच्या रुग्णांची सकाळची आखड सुमारे २७ मिनिटांनी कमी झालेली दिसली, पण ते उपचाराचं लेसर होतं, घरगुती दिवा नव्हे.

आणि गुडघ्यांना मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हवाच. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच आकडे धरायचा, सोडायचा. दिवा असो वा नसो, हे सोडू देऊ नका.

प्रतिसाद
शेकायच्या दिव्याबद्दल कळकळीने सांगतो. बाबांना मधुमेह, पाय बधिर. मलम चोळून दिव्याखाली बसले आणि डोळा लागला. नडगीवर बोटभर फोड आला, तरी त्यांना कळलं नाही. आधी मलम पुसा, आणि कोणीतरी शेजारी बसा.

प्रश्नकर्ती
आईलाही मधुमेह आहे. शेकायचा दिवा आजच माळ्यावर टाकते. रक्तदाबाची गोळी चालू आहे, ती चालेल का?

प्रतिसाद
काही गोळ्यांनी त्वचा प्रकाशाला हळवी होते, तेव्हा चिठ्ठी डॉक्टरांना दाखवूनच दिवा घ्या. डोळ्यांवर प्रकाश येऊ देऊ नका. आणि एखाद दिवशी गुडघा अचानक सुजून गरम लागला, ताप आला, तर दिवा बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्नकर्ती
वही काढली. आज भिंत धरून अकरा पावलं.