थर्मोस्टॅट काढण्याआधी रेडिएटरच्या जाळीला बोट लावून बघा

गाडी तापत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेका, तापायची थांबेल, असा सल्ला काही जण देतात तो मला काही पटत नाही. बंद अवस्थेत चिकटला असेल तर नवा टाका ना, नुसता काढला की इंजिन लवकर गरमच होत नाही आणि पेट्रोल पितं ते वेगळंच.

माझी २००३ची गाडी मालवणात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. गावात तापमानाचा काटा मध्यावर, करूळ घाट चढायला लागलं की सरसर वर. पाणी कमी होत नव्हतं, फॅनही लागत होता, गॅरेजवाल्याने वॉटर पंप बदलला आणि शिवाय इंजिनचं हेड (वरचा भाग) खोलूया म्हणाला (पैसे माझेच जाणार होते ना). शेवटी रेडिएटर बाहेर काढला तर खालची अर्धी जाळी बोट लावताच भुगा होऊन हातात आली, खाऱ्या हवेने पत्र्या पार खाल्लेल्या. नळ्या शाबूत, म्हणून गळती नाही, पण उष्णता बाहेर जाणार कुठून? रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर (तसाच जाळीचा भाग) असतो त्यामुळे उभ्याने बघून काय कळत नाही, वाकून खालून बघावं लागतं. आणि बघाल ते इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, काही गाड्यांत चावी काढली तरी फॅन अचानक फिरतो.