मदत हवी आहे: बेसबॉलमधल्या कोवळ्या पिचरचं (चेंडू टाकणाऱ्याचं) मोल कसं ठरवतात?

डेट्रॉइटला येऊन दोन वर्षं झाली, बेसबॉल आत्ता कुठे कळायला लागलंय. शेजारचे आजोबा मात्र अजून १९८७ मध्येच अडकलेत. इथल्या टायगर्स संघाने तेव्हा २० वर्षांचा पिचर जॉन स्मोल्ट्झ अटलांटाच्या संघाला देऊन अनुभवी पिचर डॉयल अलेक्झांडर आणला. त्याने ९ सामने जिंकून दिले, हरला एकही नाही. संघ विभागात पहिला! स्मोल्ट्झ तेव्हा डबल-एमध्ये, म्हणजे मुख्य लीगखालच्या मायनर लीगच्या एका पायरीवर, मार खात होता. मग रडायचं कशाला? तर तो २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेला. त्यात मिशिगनचाच पोरगा. हे सांगताना आजोबा कॉफीचा मग असा आपटतात की बशीतली बिस्किटं उडतात.

मायनर लीगमधल्या पोराची किंमत क्लब नेमकी कशावर लावतात? चेंडूचा वेग, वय, की खांदा? जाणकारांनो, रविवारच्या आत सांगा, त्यांच्याकडे जेवायला जायचंय.