भिंगाकार दीर्घिकांना ‘विझलेल्या’ म्हणणं सोडायला हवं

मांजराकाठ (लातूर):
आकाशदर्शनात आपण सगळेच सांगतो, सर्पिल, म्हणजे वळणदार बाहूंच्या, दीर्घिकेत (गॅलेक्सीत) तारे जन्मतात आणि भिंगाकार दीर्घिका विझलेल्या. थाळी आहे, मधे फुगवटा आहे, पण बाहू नाहीत. तारे घडवणारा वायू संपलेला, उरले म्हातारे तांबूस तारे. परवा सातवीतल्या एका मुलीला हेच सांगितलं. रात्री घरी येऊन यमुना तारकासमूहातल्या एनजीसी १२२२ चा (एनजीसी ही दीर्घिका वगैरेंची क्रमवार यादी) हबल दुर्बिणीचा फोटो पाहिला. दीर्घिका भिंगाकारच, पण तारे धडाधड जन्मताहेत! दोन बटू दीर्घिका ती गिळतेय आणि त्यातून तिला ताजा वायू मिळतोय. मुलीला मी चुकीचं सांगितलं, हे मनाला लागलंय. भिंगाकार हे आकाराचं नाव आहे, वयाचं नव्हे.

बालाघाट (बीड):
नाही पटलं दादा. बहुतेक भिंगाकार दीर्घिकांत ताऱ्यांची निर्मिती खरंच थंडावलेली असते. शिवाय १२२२ मध्ये तिघींचे गाभे अजून वेगवेगळे दिसतात. लग्नघरातली गर्दी पाहून कुटुंबाची माणसं मोजायची का?

गोदाकाठ (पैठण):
मग सिंहेतली एनजीसी ३५९३ घ्या. तिथं अशी झटापट दिसत नाही, तरी गाभ्याजवळ तारे जोमानं जन्मताहेत. आणि तिचा वायू मुख्य थाळीतल्या ताऱ्यांच्या उलट दिशेनं फिरतो! घरचा असता तर त्यांच्यासोबतच फिरला असता, म्हणून तो बाहेरून आलेला मानतात. आमच्याकडं टिपूस नसतो, पण नाशकाकडं पाऊस झाला की नाथसागर भरतो. उन्हाळ्यात तळ दिसला म्हणून धरण मेलं असं पैठणात कुणी म्हणत नाही.

बालाघाट (बीड):
ताई, म्हणजे घरचा वायू संपलेलाच ना? मी तेच म्हणतोय. पोरांना आधी नियम कळू द्या.

मांजराकाठ (लातूर):
नियम सांगूच, पण असा: ‘बहुतेकींत नवे तारे फारसे जन्मत नाहीत, बाहेरून वायू मिळाला तर पुन्हा जन्मतात.’ एकच वाक्य वाढतं. टँकरची वाट पाहिलेल्या पोरीला ते लगेच कळेल. शनिवारी तिच्या शाळेत जातोय.

बालाघाट (बीड):
जा. पण १२२२ सोबत एनजीसी ३११५ चाही फोटो न्या. तीही भिंगाकारच, आणि शांत. दोन्ही शेजारी ठेवा आणि तिलाच विचारा.