जुनाट प्रोस्टेट संसर्गात झऱ्याचं पाणी प्यावं का?

प्रागकर: मंडळी, घरीसुद्धा हा विषय निघत नाही, म्हणून इथे विचारतोय. वय 44. दीड वर्षात तीनदा लघवीला जळजळ, ओटीपोटात ठसठस. लघवीच्या तिन्ही कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहायची तपासणी) तोच ई. कोलाय जंतू. डॉक्टरांनी जुनाट जिवाणूजन्य प्रोस्टेटायटिस (प्रोस्टेट ग्रंथीचा संसर्ग) सांगून सहा आठवडे सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलंय, सकाळी 7 आणि संध्याकाळी 7. ऑफिसातले चेक मित्र म्हणतात, मारियान्स्के लाझ्ने या इथल्या झऱ्यांच्या गावाला जा, तिथल्या रुडॉल्फ झऱ्याचं पाणी पी. कुणाला अनुभव?

वाटसरू: सासऱ्यांना मूतखड्यानंतर तिथे नेलं होतं. झरे थंड आहेत, कार्लोव्ही व्हारीसारखे कढत नाहीत. चोच असलेल्या कपातून घोट घोट पीत चालायचं. गाव फार शांत, सासरे खुलले होते. रुडॉल्फमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, सोडियम कमी, म्हणून मूत्रमार्गासाठी तोच देतात. क्रॉस झरा मात्र रेचक आहे, चुकून तो भरून घेऊ नका.

औषधवाली_नाशिक: प्रागकर, कृपया एवढं नीट वाचा. ज्या कॅल्शियम-मॅग्नेशियमसाठी ते पाणी नावाजलंय, तेच तुमच्या गोळीला आतड्यात धरून ठेवतं. औषध रक्तात कमी पोचतं. प्रोस्टेटमध्ये मुळात मोजकीच अँटिबायोटिक्स नीट शिरतात, कोर्स लांबतो तो त्यामुळेच. त्यात मात्रा घटली तर जंतू पुन्हा उठतील. सिप्रो अशा पदार्थांच्या निदान 2 तास आधी किंवा 6 तास नंतर घ्यायची. दूध, दही, अँटासिड, लोहाच्या गोळ्या यांनाही तेच लागू. गोळी साध्या पाण्याबरोबरच घ्या. या गोळीनं टाचेमागची शीर (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) दुखू लागली तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना फोन करा.

पाण्याचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. 2018 च्या एका अभ्यासात वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या 140 स्त्रियांपैकी निम्म्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं, तर वर्षभरातले संसर्ग जवळपास निम्म्यावर आले. पण तो आजार वेगळा आणि रुग्ण स्त्रिया होत्या. प्रोस्टेटमधला जंतू पाण्यानं धुऊन निघत नाही.

कृष्णाकाठ: भारतातून वाचणाऱ्यांसाठी: दुकानात आपण ज्याला मिनरल वॉटर म्हणतो ते बहुतेकदा शुद्ध केलेलं पिण्याचं पाणी असतं. झऱ्याच्या पाण्याच्या बाटलीवर 'नॅचरल मिनरल वॉटर' असं छापलेलं असतं. आणि ठणका असेल तर टबात कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बसा, मला त्यानंच खरा आराम पडला. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर मात्र थेट इस्पितळ गाठा. किडनी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी पाणी वाढवण्याआधी विचारावं.

प्रागकर: ताई, मनापासून आभार. चार दिवस गोळीबरोबरच बाटलीतलं मिनरल वॉटर पीत होतो! म्हणजे दिवसा ते प्यायला सकाळी 9 ते दुपारी 1 एवढीच मोकळी वेळ. गोळ्या संपेपर्यंत नळाचंच पाणी पितो. आत्ताच डॉक्टरांना त्या चार दिवसांबद्दल मेल केली. कल्चर कोरं आलं की बायकोला घेऊन मारियान्स्के लाझ्नेला जाईन.